आमच्या फ्रीजचा टेंपरेचर चार्ट

फ्रीजच्या आत एक फिरवायचे बटण असते. त्यावर १ ते ५, कुठे १ ते ७ असे आकडे असतात. पुष्कळ भगिनींची समजूत अशी की हे आकडे म्हणजे अंश. तसे ते नाहीत. बटण मोठ्या आकड्यावर नेले की फ्रीज अधिक गार होतो, एवढाच त्याचा अर्थ. नव्या फ्रीजच्या दारावर लखलखणारे आकडे असतात. आमच्याही दारावर हिरवा ४ दिसतो. परंतु बऱ्याच फ्रीजमध्ये तो आपण मागितलेला आकडा असतो. आतल्या कप्प्यात खरोखर किती अंश आहेत, ते त्यावरून कळेलच असे नाही.

हे सगळे लिहायचे कारण म्हणजे इन्सुलिन. आपल्या लोकांत मधुमेह नसलेले घर मला तरी क्वचितच दिसते, आणि ज्या घरी इन्सुलिन आहे त्या घरी फ्रीज हे औषधाचे कपाटही आहे. आमच्या ह्यांना गेली नऊ वर्षे इन्सुलिन चालू आहे. कुपत-खोलीमच्या औषधालयातून तीन महिन्यांची पेने एकदम मिळतात. चालू असलेले पेन बाहेर ठेवतो, बाकीची फ्रीजमध्ये.

इन्सुलिनचे नियम थोडक्यात सांगते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे. उघडलेले पेन साधारण चार आठवडे घरातल्या तापमानात चालते. किती अंशांपर्यंत आणि किती दिवस, हे प्रत्येक जातीच्या कागदावर लिहिलेले असते, तो कागद वाचावा. उष्णतेने इन्सुलिन हळूहळू निकामी होते. गोठले तर मात्र ते त्याच वेळी गेले. पुन्हा वितळले म्हणून वापरायचे नाही, टाकूनच द्यायचे. वाईट गोष्ट अशी की पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन एकदा गोठून वितळले, तर ते डोळ्यांना कळेलच असा भरवसा नाही. दुधट इन्सुलिनमध्ये कधी कण किंवा गुठळ्या दिसतात, स्वच्छात पुष्कळदा काहीच दिसत नाही. आम्ही दिमोनाला राहतो. इथल्या उन्हाळ्याला भिऊन लोक बटण शेवटच्या आकड्यावर नेतात आणि औषध मागच्या भिंतीला टेकवून ठेवतात. भीती उन्हाची असते आणि घात थंडी करते. अलिबागला माझी मावशी होती, तिच्याकडे फ्रीज नव्हता. ती इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात ठेवी. मावशीचे इन्सुलिन निदान गोठत तरी नव्हते!

मी १९७९ साली मुंबईहून इथे आले. शाळा माझगावला झाली, नर्सिंग इथे शिकले आणि २०२२ साली निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षे टिपत-हलावमध्ये गेली. इथल्या वाचकांना ते सांगायला नको, पण हा अंक भारतातही जातो म्हणून सांगते की टिपत-हलाव म्हणजे दुधाचा थेंब. बाळ-बाळंतिणींच्या सरकारी दवाखान्यांचे ते नाव आहे. तिथे लसींचा फ्रीज असतो आणि त्याचा रोजचा तक्ता असतो. सकाळी आल्यावर एकदा, जाताना एकदा आकडे लिहून खाली सही करायची. नुसता त्या क्षणीचा आकडा नाही, रात्रीतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, दोन्ही. असे दोन्ही टोके धरून ठेवणारे थर्मामीटर जेम्स सिक्स नावाच्या इंग्रजाने १७८० साली तयार केले, म्हणजे कल्पना काही आजची नव्हे. आपण पाहत नसतो तेव्हा काय झाले, हे त्यावरून कळते.

लसींचा स्वभावही एकसारखा नसतो. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस गोठवूनच साठवतात. तिला थंडीचे भय नाही, उष्णता मात्र सोसत नाही. उलट धनुर्वात-घटसर्पाची किंवा हेपॅटायटिस बीची लस गोठली की फुकट गेली. २०१३ साली नेगेवमधल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. सुदैवाने एकाही मुलाला लुळेपणा आला नाही. त्या ऑगस्टमध्ये आम्ही मुलांना दोन-दोन थेंब पाजत होतो. बाहेर भट्टी, आणि हातात बर्फाची पेटी. एकाच दवाखान्यात एका लसीला उन्हापासून जपायचे आणि दुसरीला बर्फापासून, हे त्या दिवसांत अंगवळणी पडले.

आता आमच्या घराकडे येते. मागच्या हिवाळ्यात ह्यांची सकाळची साखर चढू लागली. एरवी १२०-१३० असायची, ती १९०, २१० अशी येऊ लागली. खाण्यात बदल नव्हता, ताप-खोकला नव्हता. डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी सगळे विचारले आणि मात्रा वाढवू म्हणाले. मी त्यांना चार दिवस थांबायची विनंती केली. प्रत्येक पेन उघडताना त्यावर तारीख लिहायची माझी सवय आहे. साखर चढायला लागली तो दिवस आणि फ्रीजमधले नवे पेन उघडले तो दिवस, यांत फक्त एका रात्रीचे अंतर होते. औषधालयातून एक नवे पेन आणले आणि ते फ्रीजमध्ये न ठेवता थेट वापरात घेतले. मात्रा तीच. तिसऱ्या सकाळी साखर १३४.

वाचकांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा. मात्रा वाढवली असती, निकामी इन्सुलिनवर ती कशीबशी लागूही पडली असती, आणि पुढच्या वेळी औषधालयातून चांगले इन्सुलिन आले असते. वाढवलेल्या मात्रेत चांगले इन्सुलिन! रात्री झोपेत साखर उतरली असती. ह्यांचे वय ७१. झोपेत उतरलेली साखर काय करते ते मी वॉर्डात पाहिले आहे.

फ्रीजमधली बाकीची पेने मी बाजूला काढली. नवी आली ती शेजारणीकडे ठेवायला दिली. आता फ्रीजचा न्याय करायचा होता. औषधांचा डबा मधल्या कप्प्यात होता, भिंतीपासून आणि दारापासूनही दूर, आम्हाला शिकवले होते तसा. आत साधे थर्मामीटर ठेवले तर दिवसा ५ अंश. संशयाला जागा देत होती ती काकडी. खालच्या खणातली काकडी सकाळी काचेसारखी दिसे आणि दुपारी पाणी सुटून लिबलिबीत होई. दूध मात्र चांगले. लिटरभर दूध गोठायला फार वेळ लागतो, पेनातले इन्सुलिन असते अवघे ३ मिलिलिटर.

कंपनीचा माणूस आला तो सकाळी ११ वाजता. त्याने पिस्तुलासारखे यंत्र कप्प्यावर रोखले. ५ अंश. "हकोल बसेदर, गव्हेरेत," म्हणजे सगळे ठीक आहे, बाई, असे सांगून भेटीचे पैसे घेऊन तो गेला. त्याचा आकडा खोटा नव्हता. त्याने अकराचा आकडा पाहिला, मला पहाटे चारचा हवा होता.

पहाटे चारला उठून फ्रीज उघडावा, तर उघडल्याबरोबर बाहेरची हवा आत जाते आणि आकडाच बदलतो. म्हणून नातवाला सांगितले. तो शाळेत इलेक्ट्रॉनिक्स घेतो. तो मला सावता म्हणतो, हिब्रूत आजीला सावता म्हणतात. मला मात्र दर वेळी सावता माळीच आठवतो आणि हा पोरगा मला संतपदाला चढवतो आहे असे वाटते! "सावता, हे तर एका दुपारचे काम," म्हणाला. तीन दुपारी लागल्या.

यंत्र अगदी साधे आहे. पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या पोलादी नळीत एक सेन्सर असतो. त्याचे नाव डीएस१८बी२०. आत तापमान मोजणारी चकती असते आणि ती आकडा तयार करूनच तारेतून पाठवते. उणे १० ते ८५ अंशांत त्याची चूक अर्ध्या अंशाहून अधिक नसावी, असे बनवणारे सांगतात. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून एकाच तारेवर दोन-चार लावले तरी कोण बोलते आहे ते ओळखता येते. त्याला ४.७ किलो-ओहमचा एक रेझिस्टर लागतो. सगळे जोडायचे ते काडेपेटीएवढ्या पाटीला. हिच्यावरची ईएसपी८२६६ ही चिप घरच्या वायफायवरून आकडे पाठवते. अशा वस्तू डाळ-तांदळाच्या भावाने मिळतात. त्यांत नकलाही पुष्कळ फिरतात, म्हणून पारखून घ्यावे लागते.

ती पारख मी केली. नातू म्हणाला, आकडा येतो आहे, झाले. मी म्हटले, "बाळा, आकडा येणे वेगळे आणि खरा येणे वेगळे." बर्फ कुटून पेल्यात भरला, वर थोडे थंड पाणी घातले, ढवळले आणि सेन्सर मधोमध धरला, तळाला टेकू दिला नाही. बर्फ आणि पाणी असे एकत्र असले की तापमान शून्य अंश राहते, त्याला दुसऱ्या थर्मामीटरची साक्ष लागत नाही. एका सेन्सरने ०.३ दाखवले, दुसऱ्याने शून्याला धरून. पहिल्याचे ०.३ वजा करायचे, हे यंत्राला लिहून दिले. माझगावच्या शाळेत आमच्या बाई बर्फाच्या पेल्यात पाऱ्याचे थर्मामीटर बुडवून हेच दाखवत. बर्फ शिपाई धावत जाऊन आणी, आणि वर्गात पोचेपर्यंत अर्धा वितळलेला असे.

दुसरी गोष्टही दवाखान्यातली. सेन्सर नुसता हवेत लोंबकळत ठेवला तर तो हवेचे तापमान सांगतो. दार उघडले की चढतो, कॉम्प्रेसर सुरू झाला की उतरतो. औषध एवढ्या लवकर तापतही नाही आणि थंडही होत नाही. म्हणून लसींच्या फ्रीजमध्ये सेन्सर ग्लायकोलच्या बाटलीत बुडवलेला असतो. आम्ही एक सेन्सर हवेत ठेवला आणि दुसरा औषधाच्या छोट्या बाटलीत, ग्लिसरीन घातलेल्या पाण्यात. बाटली मुद्दाम लहान घेतली, पेनाची सोबतीण शोभेल अशी. ती औषधाच्या डब्यातच ठेवली.

पाटी बाहेर, फ्रीजच्या माथ्यावर ठेवली. आत ठेवली तर दमटपणा बाधतो आणि लोखंडी कपाटातून वायफाय नीट बाहेर येत नाही. तार चपटी घेतली आणि दाराच्या रबराखालून काढली. कोणी हौशीने फ्रीजला भोक पाडायला जाऊ नये. भिंतीत थंडावा देणाऱ्या वायूच्या नळ्या असू शकतात, एक फुटली की फ्रीजच गेला.

दर पाच मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८. एवढ्या सह्या मी नोकरीत महिनाभरातही केल्या नसतील. दुसऱ्याच दिवशी फोनवर आले, फ्रीजमध्ये ८५ अंश! आमचे हे म्हणाले, "अगं, मग चहा त्यातच ठेव." ८५ हा या सेन्सरचा वीज आल्यानंतरचा पहिला शब्द असतो. मोजायच्या आधीच विचारले तर तो तेच सांगतो. तार सैल होती, वीज जाई-येई. पुढे एकदा उणे १२७ आले. सेन्सर सापडत नाही हे सांगायची ती यंत्रातल्या प्रोग्रामची रीत. नातवाने सांधा पुन्हा डाग देऊन पक्का केला. वॉर्डातही रोग्याचा ताप अचाट आला तर आम्ही आधी थर्मामीटर पाहत असू.

आठवडाभराचा आलेख जमला तेव्हा गुपित उघड झाले. दिवसा बाटली ४ ते ६ अंशांत. रात्री ११ नंतर, घर झोपले की रेषा उतरायला लागे. एक वाजता २ अंश, तीन वाजता शून्य, पहाटे पाचला उणे १.९. सहाला मी चहासाठी दूध काढते, दार उघडते, आणि रेषा वर. सातही रात्री तेच. शनिवारी मी फोनला हात लावत नाही, पण यंत्राने आपली नोंद ठेवली होती. शुक्रवारी रात्री तर सर्वांत खाली, कारण दिवसभर स्वयंपाकासाठी सतराशे साठ वेळा उघडलेले दार त्या रात्री लवकर मिटले होते.

याचे कारण नातवाने आणि मी वाचून काढले. नो-फ्रॉस्ट फ्रीजमध्ये थंडी तयार होते ती बहुधा वरच्या किंवा खालच्या बर्फाच्या खणामागे. तिथून पंखा थोडी हवा आमच्या भाजीपाल्याच्या भागात सोडतो, आणि किती सोडायची ते एक झडप ठरवते. पुरेसे गार झाले की झडप मिटायला हवी. ती मिटली नाही, तर बर्फाच्या खणासाठी कॉम्प्रेसर चालेल तितक्या वेळा उणे १८ची हवा इकडेही येत राहणार. दिवसा आम्ही दार उघडून नकळत फ्रीजला ऊब देत होतो, म्हणून दोष झाकला जात होता. रात्री ऊब देणारे कोणी नव्हते.

कंपनीचा तोच माणूस पुन्हा आला. या वेळी नातवाने सात रात्रींचा आलेख कागदावर छापून त्याच्या हातात दिला. तो तरुण माणूस तो बराच वेळ पाहत राहिला. मग आतली मागची पाटी काढली. झडपेच्या बिजागरीवर बर्फाचा गड्डा बसून ती अर्धी उघडी अडकली होती. त्याने झडप बदलली, या भेटीचे पैसे घेतले नाहीत, आणि आलेखाचा फोटो काढून नेला. मागच्या भेटीचे पैसे परत मिळावेत म्हणून मी अर्ज दिला आहे. उत्तर अजून नाही.

झडप बदलल्यावर दोन आठवडे आम्ही औषध शेजारणीकडेच ठेवले. आलेख रात्रंदिवस ३ ते ५ अंशांत राहिला, तेव्हा डबा घरी आणला. बाजूला काढलेली जुनी पेने औषधालयात परत दिली. डॉक्टरांना आलेख दाखवला, मात्रा आहे तीच राहिली. आता यंत्राला सांगून ठेवले आहे की बाटली २ अंशांखाली किंवा ८ अंशांवर अर्धा तास राहिली तर फोन वाजव. हवेच्या सेन्सरने ओरडायचे नाही, नाहीतर दर जेवणाला ओरडेल. रोश हशानाला हलव्याची ताटे आत गेली तेव्हा हवा १३ वर गेली होती, बाटली ६.५च्या वर गेली नाही. ताटे पुरती निवू द्या म्हणून मी सुनेला सांगत होते, पण सणाच्या गर्दीत फ्रीजपेक्षा ओट्याची जागा महत्त्वाची असते.

ज्यांच्या घरी नातू इलेक्ट्रॉनिक्स शिकत नाही, त्यांच्यासाठी बाजारात कमी-जास्त टोके धरून ठेवणारे साधे डिजिटल थर्मामीटर मिळते. ते औषधाच्या डब्यात ठेवावे, आधी बर्फाच्या पाण्यात पारखून घ्यावे, आणि सकाळी उठल्याबरोबर, दूध काढायच्या आधी, रात्रीचा सर्वांत कमी आकडा पाहावा. तो शून्याखाली दिसला तर त्या इन्सुलिनने सुई टोचू नये, औषधालयात विचारावे. साखर कारण नसताना चढली तर मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलताना पेन कधी उघडले आणि कुठे ठेवले होते, हेही सांगावे. मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करू नये.

आमचे यंत्र सध्या घरी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा फ्रीज १५ वर्षांचा आहे आणि त्याही इन्सुलिन घेतात. नातवाने जाऊन त्यांच्या वायफायला जोडून दिले. पहिल्या रात्रीचा आकडा ११ आला, म्हणजे आमच्या उलट. दाराचे रबर एका कोपऱ्यात फाटले आहे. आज संध्याकाळी बाई नवे रबर आणवणार आहेत, तोवर त्यांची पेने आमच्या मधल्या कप्प्यात, नाव लिहिलेल्या वेगळ्या डब्यात आहेत.